चांगल्या कापडाला खूण नसते

८ जानेवारी

थोरले,

आशीर्वाद पाठवतो आहे. घ्यायचे की पाकिटासकट केरात टाकायचे, ते तू ठरव. तुझ्या फोनवर माझा नंबर चालत नाही, हे चार वेळा करून पाहिलं. पाचव्यांदा शेजाऱ्यांच्या फोनवरून केला, तर माझा आवाज ऐकल्याबरोबर तू ठेवून दिलास. म्हणून पत्र.

पाच वर्षांपूर्वी जाताना तू म्हणाली होतीस, "धाकट्याचं काही असेल तरच लिहा, बाबा. बाकी काही कळवू नका." तर धाकट्याचंच आहे. तुझ्या नवऱ्याच्या साहेबाला गाठून मी लग्नाआधी चौकशी केली, ते चुकलं असं मी अजूनही म्हणत नाही. तो विषय इथे काढतही नाही. काढला आहे, हे मला कळतं.

धाकट्याचं कुठेतरी पाणी मुरतंय. गेल्या महिन्यात त्याला चोवीस पूर्ण झाली. तुझ्या आईने त्याच्या आवडीचं सगळं केलं. तो जेवला, पण एखाद्या कचेरीत अर्ज भरून द्यावा तसा. मग मामाने त्याचा तो ठरलेला विनोद सांगितला, सगळे हसले. धाकटाही हसला, पण आधी डावीउजवीकडे बघून. लोक हसताहेत याची खात्री झाल्यावर त्याने तोंड हसरं केलं. बाकी कुणाच्या लक्षात आलं नाही. मी चौतीस वर्षं गिरणीत कापड तपासलं आहे. काचेच्या टेबलाखाली दिवा, वरून कापड सरकतंय, आणि त्यात एक धागा तुटलेला असला तरी मला दिसायचा. पोटचा मुलगा अर्धा क्षण उशिरा हसला तर दिसणार नाही?

पोहायला जाणं बंद. मित्र येणं बंद. आम्ही वाढदिवसाला दिलेले बूट खोक्यातच आहेत. विचारलं तर म्हणतो, "छान आहेत, बाबा." घालत का नाहीस, तर म्हणतो, "घालीन."

नोकरी म्हणशील तर उत्तम. लोक फोनवर जे व्हिडिओ टाकतात, त्यातल्या तक्रार आलेल्यांची तपासणी करायची. ठेवायचा की काढायचा, एवढंच. दिवसाला आठशे व्हिडिओ. म्हणजे घराण्याचाच धंदा झाला, आणि तोही थंडगार खोलीत खुर्चीवर बसून. मी विचारलं, काय असतं रे त्यात? म्हणाला, "सांगता येत नाही. तशी सही करून दिली आहे." बापाला सांगता येत नाही अशी कुठली नोकरी असते, सांग मला.

मला व्यसनाची शंका आहे. खिसे पाहिले, बॅग पाहिली, उशीचा अभ्रा उलटा केला, जुन्या बुटांत हात घालून पाहिला. काही सापडलं नाही. न सापडणं म्हणजे नसणं नव्हे. लपवणारा हुशार आहे, एवढाच त्याचा अर्थ.

तुला तो काय लिहितो ते मला कळव. लिहितो हे नक्की. तुझं नाव निघालं की तो पाण्याचा पेला उचलतो.

बाबा

२१ जानेवारी

थोरले,

तुझं उत्तर नाही. म्हणजे तुला काहीतरी ठाऊक आहे. ठाऊक नसतं तर तू घाबरून विचारलं असतंस.

गुरुवारी मी त्याच्या मागे गेलो. तू कपाळाला हात लावला असशील. लाव. निवृत्त माणसाला काम नसतं असं तुझी आई म्हणते, तर हे काम मी काढलं. तो कचेरीतून निघाला, दोन चौक चालला आणि चष्म्याच्या दुकानावरच्या मजल्यावर गेला. मी समोर केस कापायच्या दुकानात जाऊन बसलो. नंबर आला तेव्हा उठता येईना, म्हणून केस कापून घेतले. कापण्याइतके ते डोक्यावर उरलेले नाहीत, हे तुला आठवत असेल. पन्नास मिनिटांनी तो खाली आला. मग मी वर जाऊन पाटी वाचली. मनाच्या आजारांची डॉक्टर, बाई.

घरी विचारलं, कुठे होतास? म्हणाला, "कामावर उशीर झाला." ताकास तूर लागू दिली नाही.

तुझ्या आईला विचारलं. ती पडद्याला दुमड घालत होती, मान वर न करता म्हणाली, "त्यालाच विचारा." मग त्यालाच विचारलं, पण पाटीचं न सांगता. म्हटलं, तुला काही दुःख आहे का? कुणी मुलगी? साहेब त्रास देतो?

म्हणाला, "दुःख नाही हो बाबा. दुःख झालं तर बरं होईल. काहीच वाटत नाही."

आता यात तक्रार काय, ते मला कळलं नाही. आमच्या वेळी काही वाटायला फुरसत नव्हती. मी तसं म्हटलं. तो "हो" म्हणाला आणि ताट उचलून आत गेला. भांडला असता तर मला बरं वाटलं असतं. तू भांडायचीस.

माझी शंका आता दुसरीकडे वळली आहे. ही डॉक्टरीणबाई त्याच्या डोक्यात काहीतरी भरवते आहे. नाही तर तो कामावरून लांबलचक रजा उकळायच्या बेतात आहे. दोन्हींपैकी एक. दोन्हीही असेल.

बाबा

९ फेब्रुवारी

थोरले,

सापडलं.

त्याच्या बॅगेत, कॉम्प्युटरच्या मागच्या कप्प्यात, चिकटवलेलं पाकीट. वर त्या डॉक्टरीणबाईचं नाव. शेजारी तीन कोरे छापील कागद, पुढच्या आठवड्यांसाठी असावेत. मी पाकीट वाफेवर उघडलं. तू दार आपटून गेलीस तेव्हा ज्या शब्दाने मला हाक मारली होतीस, तो शब्द आता पुन्हा वापरलास तरी चालेल. पण आधी ऐक.

आत एक छापील कागद. वीस वाक्यं, आणि प्रत्येकापुढे चार चौकोन: खूप, थोडं, फारसं नाही, मुळीच नाही. वाक्यं कसली, तर 'आवडतं गाणं कानावर पडलं की मला बरं वाटतं.' 'कुणी कौतुक केलं तर आनंद होतो.' 'उद्याच्या एखाद्या गोष्टीची मी वाट पाहतो.' 'पाण्यात उतरायला मजा येते.' आणि याने खुणा कुठे कराव्यात? वरपासून खालपर्यंत शेवटच्या चौकोनात. मुळीच नाही, मुळीच नाही, मुळीच नाही. विसांतल्या सतरांना. पाण्यात उतरायलाही मुळीच नाही. हाच मुलगा ना? याला तलावातून बाहेर काढायला मला काठावर उभं राहून ओरडावं लागायचं, ओठ निळे पडायचे तरी निघायचा नाही. धडधडीत खोटं.

मागच्या बाजूला प्रश्न होते, लिहून उत्तर द्यायचे. झोप किती? तीनचार तास, कामाची पाळी बदलती. कामाशिवाय आठवड्यात किती माणसांशी बोलता? आई. कामावर काय पाहावं लागतं? इथे त्याने लिहिलंय, 'माणसं माणसांना काय करतात ते.' आणि शेवटी, लहानपणी घरात कौतुक कसं व्हायचं?

त्याने एक ओळ लिहिली आहे: 'आमच्या घरात चांगल्या कापडाला खूण नसते.'

हे वाक्य माझं आहे. तुम्हा दोघांना मीच शंभरदा ऐकवलं आहे. दोष दिसला की काठाला लाल दोरा बांधायचा आणि दोष नसेल तर काही न बांधता कापड पुढे सोडायचं, ही आमची पद्धत होती. दोरा नाही म्हणजे पास. गिरणीत हे कुणालाही कळायचं. तुझी आई तेव्हा गिरणीतच कामाला होती, तिचे तीन नग मी परत पाठवले होते, चौथा पाठवला नाही, तेवढ्यावर तिने माझ्याशी लग्न केलं. दहाव्या वर्षी याने तलाव पहिल्यांदा आरपार पोहून काढला, तेव्हा मी म्हटलं होतं, उजवा हात कमी पडतोय. पडतच होता. बाकी सगळं पास होतं म्हणून तर तेवढंच बोललो. ते सांगायला हवं होतं का?

असो. वाचलं आणि पाकीट पुन्हा चिकटवून जागच्या जागी ठेवलं. चुकीची नोंद पुढे जाऊ द्यायची नाही, हा माझा जन्माचा नियम आहे, तेवढाच पाळला. यापेक्षा जास्त विचारू नकोस.

बाबा

२० फेब्रुवारी

थोरले,

दोनच ओळी. डॉक्टरीणबाईने त्याला आता दर आठवड्याला नको, महिन्याने ये म्हणून सांगितलं आहे. रजेची चिठ्ठीही दिली नाही. तुझ्या आईकडून कळलं. म्हणजे विशेष काही नव्हतंच. मी म्हणत होतो.

तो मात्र ते सांगताना माझ्याकडे बघत होता, असं तुझी आई म्हणते. मी पेपर वाचत होतो.

बाबा

२ मार्च

थोरले,

धाकटा शुक्रवारपासून घरी नाही.

आज सोमवार. फोन बंद. कचेरीत गेलो, तर दारावरच्या बाईने सांगितलं की शुक्रवारी दुपारी तो कानावरचा हेडफोन काढून टेबलावर ठेवून उठला आणि बाहेर पडला. कुणाशी बोलला नाही. डबा तिथेच होता, तो मी घेऊन आलो. न उघडलेला.

आधी मला वाटलं मुलगी. मग वाटलं तो त्याचा चष्मा लावणारा मित्र, ज्याच्याशी तो शाळेत असताना एका बाकावर बसायचा. त्याच्या घरी गेलो. तो म्हणाला, "काका, दोन वर्षांत त्याने माझा फोन उचललेला नाही. मीच तुम्हाला विचारणार होतो, माझं काही चुकलं का." मी त्याची खोली बघू दे म्हटलं, त्याने मुकाट्याने दाखवली. तिथे कुणी नव्हतं. मला लाज वाटली, थोडी.

मग डॉक्टरीणबाईकडे. तुझ्यापेक्षाही लहान दिसते. म्हणाली, "मला त्याच्याबद्दल काही सांगता येणार नाही." मी म्हटलं, तो बेपत्ता आहे, मी बाप आहे. ती म्हणाली, "मी सांगू शकत नाही. पण तुम्हाला काही सांगायचं असेल, तर मी ऐकू शकते." आणि हातातलं पेन खाली ठेवलं. मी खोकलो, आणि उठून आलो.

पोलिसात जायला निघालो तर तुझी आई म्हणाली, "आजचा दिवस थांबा." का, ते सांगेना. आणि एक गोष्ट लक्षात आली आहे. माझ्या घशाखाली घास उतरत नाही, आणि ती दोन्ही वेळेला व्यवस्थित जेवते. मुलगा तीन दिवस नाही आणि आई जेवते? बत्तीस वर्षांत मी या बाईवर कधी संशय घेतला नाही. बाकी सगळ्यांवर घेतला. आता घेतो आहे.

तो तुझ्याकडे आहे का? असेल तर 'हो' एवढंच लिही. मला माझा मुलगा हवा आहे. हे वाक्य मी आयुष्यात कुणाला लिहिलेलं नाही, म्हणून ते वाचताना तुला खोटं वाटेल. खरं आहे.

बाबा

५ मार्च

थोरले,

काखेत कळसा आणि गावाला वळसा. तुझ्या आईने काल सांगितलं.

मी विचारलंच नाही. समोर बसलो आणि तिच्या ताटाकडे बघत राहिलो. ती म्हणाली, "बघू नका तसे, मी गिरणीतून कधीच बाहेर पडले." मग तिनेच सांगितलं. शुक्रवारी दुपारपासून तो रेल्वे फलाटाच्या अगदी टोकाच्या बाकावर पाच तास बसला होता. पाच गाड्या गेल्या. मग त्याने आईला फोन केला आणि म्हणाला, "मी इथे बसलोय आणि मला भीतीसुद्धा वाटत नाही, त्याची मला भीती वाटते." ती शिवणकाम तसंच टाकून धावत गेली, आणि त्याला घेऊन तुझ्याकडच्या बसमध्ये बसली, तुझ्या दारापर्यंत पोचवून रात्री उशिरा परत आली. मला म्हणाली बहिणीकडे गेले होते. मी खात्री करायला फोनसुद्धा केला नाही. जिथे करायला हवा तिथे नेमका नाही.

"मला का नाही सांगितलंस?" म्हटलं.

"तोच म्हणाला, बाबांना सांगू नकोस. तपासायला येतील."

मग मी तिला माझं सांगितलं. तुलाही सांगतो, नऊ तारखेच्या पत्रात मी ते गिळलं होतं. मी पाकीट नुसतं वाचून ठेवलं नव्हतं. तीन कोऱ्या कागदांतला एक घेतला आणि बरोबर उत्तरं भरली. पाण्यात उतरायला, खूप. गाणं, खूप. कौतुक, थोडं, कारण तो लाजाळू आहे. बरोबरच्या खुणेला हस्ताक्षर नसतं, कुणाला कळणार? मागची बाजू कोरी ठेवली. तो कागद पाकिटात घालून चिकटवला आणि त्याचा खरा कागद माझ्या कपाटात ठेवला. मला वाटलं, मी दोष काढून टाकतो आहे. मी दोरा सोडून टाकला, थोरले. कापड तसंच फाटलेलं होतं.

तुझ्या आईला हे सगळं आधीच माहीत होतं. डॉक्टरीणबाईने तो कागद त्याच्यासमोर धरला आणि विचारलं, "बरीच सुधारणा दिसते. हे तुम्हीच भरलंय ना?" त्याने कागद बघितला. आणि "हो" म्हणाला. माझं पितळ उघडं पडेल म्हणून, की भांडायचीही इच्छा उरली नव्हती म्हणून, ते त्यालाही सांगता आलं नाही, असं आई म्हणते. त्या "हो"मुळे महिन्याभराची मुदत पडली, रजा गेली, आणि तो रोज आठशे व्हिडिओ बघायला परत गेला. दोन आठवडे. मी घरात पेपर वाचत होतो.

आज सकाळी त्याचा खरा कागद घेऊन मी डॉक्टरीणबाईकडे गेलो आणि टेबलावर ठेवला. म्हटलं, मी बदलला. ती रागावली नाही. मीही सावध राहायला हवं होतं, म्हणाली, आणि तो कागद वाचताना तिने दोनदा डोळे मिटले. मी तिला सरळ विचारलं, त्याला असं कुणी केलं? मला एक नाव हवं होतं. नोकरी म्हटली असती तर मी नोकरीला धरलं असतं. ती म्हणाली, "एक नसतं, काका. या वयातल्या पुष्कळ मुलांचं असंच होतं. झोप तुटलेली असते. माणसं तुटलेली असतात. रोज डोळ्यांसमोर वाईट येतं आणि ते कुणाला सांगायची सोय नसते. आणि लहानपणापासून चांगलं झालं की घर गप्प, हीही सवय लागते. मग चांगलं झालं तरी आतून काही हलत नाही." एवढं बोलून तिने मला पाणी दिलं. मला ते नको होतं, तरी प्यायलो.

मग म्हणाली, "त्याला आनंद झाला की तुम्हाला कसं कळायचं?"

मी म्हटलं, शीळ घालायचा. जिना चढताना, बूट काढताना, सारखा. डोकं उठवायचा.

"ती कधी थांबली?"

चौतीस वर्षं मी प्रत्येक दोषाला तारीख घातली. याची मला सांगता आली नाही. वर्षही सांगता आलं नाही.

मी तुझ्याकडे येणार होतो. बसच्या वेळा काढून ठेवल्या आहेत. आता तू सांगशील तसं.

बाबा

१९ मार्च

थोरले,

तुझं पत्र आलं. पाच वर्षांत पहिलं. अक्षर अजून उतरतं काढतेस. हे लिहायला नको होतं, पण खोडत नाही, तुला कळू दे की सवय किती मुरली आहे.

तू लिहितेस, तो चौदा तास झोपला, उठला, पुन्हा झोपला. नोकरी सोडली. डॉक्टरीणबाईशी आता फोनवर बोलतो, गोळ्या सुरू आहेत. सकाळी तुझ्या नवऱ्याबरोबर रोपवाटिकेत पाणी घालायला जातो. 'आवडतं असं नाही, पण जातो,' हे तू लिहिलंस ते बरं केलंस. आवडतं असं लिहिलं असतंस तर मला शंका आली असती. आणि ज्या माणसाची मी त्याच्या साहेबाकडे चौकशी केली, तो माझ्या मुलाला रोज पहाटे उठवून चालत घेऊन जातो. त्याला माझं सांग की माझं चुकलं. साहेबाकडे गेलो ते. आज म्हणतो.

तू लिहितेस, वर्षभर तरी येऊ नका, आणि कसा आहे म्हणून दर आठवड्याला विचारूही नका. तो सांगेल तेव्हा सांगेल. तुझं पत्र वाचल्यावर मी दिवसभर तुझ्याशी मनातल्या मनात भांडलो. वर्ष म्हणजे काय थोडं आहे? मी साठीला टेकलो आहे. संध्याकाळपर्यंत भांडण संपलं, कारण तू उत्तर देत नव्हतीस.

परवा धाकट्याचं आईच्या नावाने पत्र आलं. जाड होतं, चार पानं तरी असतील. तुझ्या आईने ते खिडकीशी उभं राहून वाचलं. मी समोरच खुर्चीत होतो. मधेच एकदा तिने पदर डोळ्यांना लावला, मग एकदा पान मागे उलटून काहीतरी पुन्हा वाचलं. माझं नाव त्यात होतं की नव्हतं, कुठल्या पानावर होतं, पदर कुठल्या ओळीला लावला, सगळं विचारायचं होतं. जीभ टाळूला लावून बसलो. तिने पत्र घडी करून शिवणाच्या डब्यात ठेवलं. डब्याला कुलूप नाही.

म्हणाली, "बरा आहे."

मी म्हटलं, "बरं."

ती दोन दिवस शिवणवर्गाला गेली होती, डबा माझ्यासमोर होता. विश्वास बसला म्हणून मी तो उघडला नाही, असं समजू नकोस. विश्वास बसलेला नाही. दोन शब्दांवर माझा कसा बसेल? तरी उघडला नाही, एवढंच तुला कळावं म्हणून लिहिलं.

त्याला यातलं काही सांगू नकोस. उगाच वाटेल, मी शाबासकी मागतोय.

बाबा